यॉर्कटाउनहून बंगळुरूस

कृष्णराजेंद्र मार्केटच्या गर्दीतून वाट काढीत जुन्या किल्ल्यापाशी गेले, की तटाच्या भिंतीत बसविलेली एक पाटी दिसते. २१ मार्च १७९१ रोजी ब्रिटिश सैन्याने याच खिंडारातून हल्ला चढविला, एवढीच नोंद तीवर आहे. ज्या लॉर्ड कॉर्नवॉलिसच्या हुकुमावरून हा हल्ला झाला, त्यानेच साडेनऊ वर्षांपूर्वी, १९ ऑक्टोबर १७८१ रोजी, अमेरिकेत यॉर्कटाउन येथे वॉशिंग्टन व फ्रेंच यांच्या संयुक्त फौजेपुढे शरणागती पत्करली होती. त्या दिवशी प्रकृतीचे कारण सांगून तो छावणीतच राहिला आणि तलवार देण्यासाठी त्याने आपला दुय्यम अधिकारी पाठविला. पुढे १७८६ मध्ये तोच गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानात आला.

आपल्या शालेय पुस्तकांत अमेरिकन राज्यक्रांती एका धड्यात असते आणि म्हैसूरची युद्धे दुसऱ्या धड्यात. परीक्षेसाठी ती सोय ठीक आहे. पण त्या काळच्या माणसांना हे धडे वेगळे वाटत नव्हते. १७७७ मध्ये सारातोगा येथे इंग्रज सेना अमेरिकनांच्या हाती पडली. जानेवारी १७७९ मध्ये वडगाव येथे मुंबईकर इंग्रजांना मराठ्यांपुढे नमते घेऊन तह करावा लागला. सप्टेंबर १७८० मध्ये पोल्लिलूर येथे हैदर अली व टिपू यांनी कर्नल बेलीची तुकडी नष्ट केली. त्यानंतर यॉर्कटाउन. अवघ्या चार वर्षांत एकाच साम्राज्याचे असे चार पराभव झाले, त्यांतील दोन आपल्या भूमीवर. फिलाडेल्फियाच्या बाजूने लढणाऱ्या एका जहाजाला तर ‘हैदर अली’ हेच नाव दिलेले होते, आणि त्याने १७८२ मध्ये एक ब्रिटिश युद्धनौका जिंकली.

वडगावनंतर नाना फडणविसांनी हैदर, निजाम व नागपूरकर भोसले यांना इंग्रजांविरुद्ध एकत्र आणण्याचा घाट घातला, ही त्या शतकातील दक्षिणेच्या राजकारणातील सर्वांत मोठी झेप म्हणावी लागेल. पण निजाम व भोसले मनापासून उतरले नाहीत. मे १७८२ मध्ये महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने सालबाईचा तह झाला, त्यात हैदरास वगळून इंग्रजांशी सलोखा ठरला. नानांनी त्यावर शिक्कामोर्तब करण्याचे लांबविले. डिसेंबरात हैदर वारला आणि मग तेही उरकले. अमेरिकेतील तेरा वसाहतीही आपसांत कमी भांडत नव्हत्या. परंतु त्यांची एक काँग्रेस होती आणि १७८१ मध्ये सर्वांनी मान्य केलेला एक लेखी करार होता. इकडची एकजूट माणसांच्या आयुष्यावर अवलंबून राहिली.

हैदरानंतर मैत्रीचे वैरात रूपांतर होण्यास वेळ लागला नाही. टिपूने १७८५ मध्ये नरगुंद व कित्तूर घेतले. मराठ्यांनी दुसऱ्या वर्षी बदामी जिंकली. मराठ्यांची तक्रार खोटी नव्हती, हे सांगितलेच पाहिजे. १७९० मध्ये पुणे व हैदराबाद या दोन्ही दरबारांनी इंग्रजांशी करार केला, तेव्हा नानांपुढे प्रश्न तुंगभद्रेपर्यंतच्या मुलखाचा होता.

बंगळुरू पडले तेव्हा मराठी फौज येथे नव्हती. परशुरामभाऊ पटवर्धन धारवाडच्या वेढ्यात अडकले होते. ज्या शहरात दीडशे वर्षांपूर्वी शहाजीराजांची जहागीर होती, जेथील काडु मल्लेश्वराच्या देवळात व्यंकोजींचा १६६९ चा शिलालेख आहे, ते आता मराठ्यांच्या मित्राने जिंकले होते. पुढे मे महिन्यात कॉर्नवॉलिस श्रीरंगपट्टणावर गेला. पावसाने व उपासमारीने त्याचे बैल मेले, आणि वेढ्याच्या तोफा त्याने स्वतःच्या हाताने निकामी करून टाकल्या. माघार घेत असता मेलुकोट्याजवळ अचानक घोडदळ दिसले. ते हरिपंत फडके व परशुरामभाऊ यांचे होते. मराठी छावणीचा बाजार धान्याने भरलेला होता. भुकेल्या इंग्रज सैन्याने तेथे चढ्या भावाने खरेदी केली आणि त्या बाजारावर आपला जीव वाचविला. मराठे काही दिवस आधी आले असते तर त्या तोफाही वाचल्या असत्या.

याच मोहिमेत आपल्याला अवघड वाटणारी एक घटना घडली. पटवर्धनांच्या फौजेबरोबरच्या लुटारू पथकांनी शृंगेरीचा मठ लुटला. देवीच्या पुनःप्रतिष्ठेसाठी द्रव्य व धान्य देण्याचा हुकूम टिपूने सोडला. त्याची स्वामींना लिहिलेली कानडी पत्रे १९१६ मध्ये मठात सापडली. टिपूने अन्यत्र केलेले जुलूम या पत्रांनी पुसले जात नाहीत; त्याचप्रमाणे आपल्या बाजूने झालेली लूटही स्वराज्याच्या नावाने झाकता येत नाही. येथे राहून मराठी शिकणाऱ्या मुलांनी दोन्ही गोष्टी वाचाव्यात.

मार्च १७९२ च्या तहाने टिपूचे निम्मे राज्य गेले, तीन कोटी तीस लाखांचा दंड बसला, दोन मुलगे ओलीस गेले. टिपू समूळ बुडू नये असे मराठी मुत्सद्द्यांचे धोरण होते. आजच्या राष्ट्रकल्पनेने नानांना दोष देणे अन्यायाचे होईल. ते राष्ट्र उभारीत नव्हते, सत्तांचा समतोल राखीत होते. पण त्यांच्याच तराजूने तोलले तरी १७९२ मध्ये एक पारडे कायमचे खाली गेले. टिपूने त्यानंतर क्रांतीच्या फ्रान्सकडे हात पसरला. १७९७ मध्ये श्रीरंगपट्टणात फ्रेंचांची एक क्रांतिकारी मंडळी भरली, आणि १७९९ च्या आरंभी नेपोलियनने कैरोहून टिपूला पत्र लिहिले. ते इंग्रजांच्या हाती लागले. ४ मे १७९९ रोजी टिपू पडला, १३ मार्च १८०० रोजी नाना वारले.

उरलेला भाग थोडक्यात असा. मार्च १८०३ मध्ये आर्थर वेलस्ली म्हैसूर राज्यातील हरिहराहून निघाला आणि २० एप्रिल रोजी पुण्यात पोहोचला. दिवाण पूर्णय्यांनी त्याला रसद व घोडदळ दिले होते, आणि तोफा ओढणारे बैल होते हैदर-टिपूंच्या पदरी जोपासलेल्या अमृतमहालाचे. त्याच फौजेने २३ सप्टेंबर रोजी असई येथे शिंदे-भोसल्यांचा पराभव केला.