चाक मोठं केलं, पण भार कुणावर टाकला?

येडशीच्या चौकात हल्ली एक नवी चढाओढ दिसते. कुणाच्या थारचं टायर किती मोठं! ३३ इंची टायर टाकलं की लगेच फोटो, स्टेटस, खाली भाऊ-दादांच्या कमेंट. गाडी दिसते कशी यावर सगळे बोलतात, थांबते कशी यावर कुणीच बोलत नाही. म्हणून ही जरा लांबलचक पोस्ट. वेळ काढून वाचा.

आपल्या भागात चाकं बदलण्याचा इतिहास मोठा आहे. तो नीट पाहिला तर एक गोष्ट लक्षात येते. चाक बदललं म्हणून भार नाहीसा होत नाही. तो दुसऱ्या कुणावर तरी सरकतो.

सुरुवात बैलगाडीपासून करू. आपली जमीन काळी रेगड. पावसात फुगते, चिकटते, उन्हात भेगाळते. अशा जमिनीत लहान चाक खड्ड्यात पडतं, मोठं चाक खड्ड्यावरून निघून जातं. म्हणून आपल्या सुतारांनी गाडीला मोठ्ठी लाकडी चाकं लावली. लोहारानं त्यावर तापवून लोखंडी धाव चढवली. धाव अरुंद, त्यामुळे चिखल कापत खालच्या घट्ट थरापर्यंत जायची. पण तीच धाव रस्ताही कापायची. एकाच रेषेत गाड्या जाऊन जाऊन खोल चाकोऱ्या पडायच्या. ‘चाकोरी’ हा शब्द आपल्याला त्या चाकांनीच दिला. तिथं भार सोसला रस्त्यानं.

मग आली बार्शी लाइट रेल्वे. १८९७ ला बार्शी रोड म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत सुरू झाली आणि १९११ पर्यंत येडशीवरून लातूरला पोचली. रूळ फक्त अडीच फुटी. तिचा कर्ता इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप. या माणसाचं डोकं बघा. त्यानं आधी रूळ किती भार सोसणार हे ठरवलं. एका आसावर ५ टनांपेक्षा जास्त भार येणार नाही असा हिशोब बांधला आणि इंजिन, डबे, चाकं सगळं त्या हिशोबात बसवलं. आधी हिशोब, मग चाक. शंभर वर्षांहून जास्त काळ या भागाचा माल आणि माणसं तिनं वाहिली. ब्रॉडगेज झालं ते २००७-०८ च्या सुमारास.

तिसरा बदल टायरच्या बैलगाडीचा. रबरी टायर आणि बेअरिंग आलं, गाडी हलकी चालायला लागली. बैलांचे कष्ट कमी व्हायला हवे होते ना? झालं उलटं. गाडी हलकी चालते म्हटल्यावर माल वाढला. १९६५ च्या जनावरांच्या ओझ्याच्या केंद्रीय नियमांतही बिनटायरच्या गाडीला जेवढं वजन चालतं, त्याच्या दीडपट टायरच्या गाडीला चालतं. साखर कारखान्याच्या रस्त्यावर ऊस किती भरतात ते मी सांगायला नको. आणि उतारावर? लाकडी चाक घासत, अडत उतरायचं. टायर सुसाट पळतं, ते रोखायला बैलाला मानेनं रेटा द्यावा लागतो. तिथं भार बैलाच्या मानेवर गेला.

आता जीप. दुसऱ्या महायुद्धातली विलीज जीप कुठल्या टायरवर चालायची माहीत आहे? ६ इंच रुंदीचं, १६ इंची रिमचं. आजच्या मानानं अगदी सडपातळ. त्याच टायरवर ती वाळवंटात आणि चिखलात फिरली. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रानं मुंबईत याच जीपची जोडणी सुरू केली. १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या आणि पुढं ‘जीप आली’ म्हणजे सरकार आलं असा अर्थ गावोगावी झाला. नंतर त्याच घराण्यातली कमांडर काळी-पिवळी झाली. मालकांनी खाली पाट्याचं एखादं पान वाढवलं आणि आत बसतील तेवढी, मागं लोंबकळतील तेवढी माणसं भरली. तिथं भार सोसला प्रवाशांनी.

आणि आज थार. २०२० च्या थारचं कंपनीचं मोठं टायर २५५/६५ आर १८. त्याची उंची साधारण ७८९ मिलिमीटर, म्हणजे ३१ इंच. त्याजागी ३३ इंची टाकलं तर टायर २ इंचांनी वाढतं, पण गाडी जमिनीपासून फक्त १ इंच उचलली जाते, कारण आसाच्या खाली चाकाचा अर्धाच भाग असतो. एवढ्यासाठी काय काय द्यावं लागतं ते बघा. चाक एका फेऱ्यात सुमारे साडेसहा टक्के जास्त अंतर कापतं. काटा ८० दाखवत असेल तेव्हा गाडी ८५ च्या वेगानं पळत असते. चाक जड होतं, ब्रेक मात्र तोच. तेवढाच वेग तेवढ्याच अंतरात रोखायला ब्रेकवर जास्त जोर पडतो. जास्त रुंद टायर वळताना बॉडीला घासू शकतं, बेअरिंग आणि स्टेअरिंगची झीज वाढते.

आइसलँडमध्ये बर्फावर जायला ३८ इंच आणि त्याहूनही मोठी टायर लावतात. पण तिथं गिअरचं प्रमाण बदलतात, काटा दुरुस्त करतात आणि गाडी तपासून घेतात. आपल्याकडं टायर बदलतं, बाकी सगळं तेच राहतं. शिवाय आपली रेगड म्हणजे बर्फ नव्हे. ती टायरच्या नक्षीत भरून बसली की ३३ इंची टायरही गुळगुळीत होतं.

कायदा पण माहीत असू द्या. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळं दिसेल असा बदल वाहनात करता येत नाही. सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. बेकायदा बदलाला प्रत्येकी ५ हजार रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झाला तर विमा कंपनीच्या हातात आयतं कारण सापडतं, ते वेगळंच.

आता या वेळी भार कुणावर गेला? आपल्या चौकातून सोलापूर-धुळे महामार्ग जातो, बार्शी-लातूरची वाहतूकही इथंच. शाळेची पोरं, एसटीची वाट बघणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची रोजची ये-जा इथूनच. काटा ८० दाखवणारी ८५ ची गाडी ज्याच्यासमोर येते, भार त्याच्यावर.

मी हौसेच्या विरोधात नाही. पोरांनी कष्टाच्या पैशानं गाडी घेतली, छानच आहे. पण टायर घेण्याआधी तीन गोष्टी विचारा. हे माप कंपनीनं माझ्या मॉडेलला दिलंय का? काटा किती चुकेल? ब्रेक पुरेल का? आणि गॅरेजवाल्या मित्रांनो, गिऱ्हाईक जाईल म्हणून गप्प बसू नका. आरटीओनंही नुसतं पीयूसी आणि हेल्मेट न बघता एक दिवस येडशीच्या चौकात टायरची मापं तपासावीत.

श्रावणात रामलिंगला गर्दी होते. लेकराबाळांसकट लोक घाटातून पायी चालतात. तपासणी त्याआधी व्हावी, एवढीच मागणी. पटलं तर आपल्या गावच्या ग्रुपवर टाका.