डूलॅली

विशेषण. इंग्रजी बोलीभाषेतील शब्द. अर्थ : डोके फिरलेला, चक्रम, भ्रमिष्ट. अलीकडे नुसत्या गोंधळलेल्या माणसाला, अगदी भलतेच वागणाऱ्या संगणकालाही लावतात.

शब्दाचे मूळ गाव नाशिकजवळचे देवळाली. ब्रिटिश लष्कराने १८६१ साली तेथे छावणी उभारली. हिंदुस्थानातील मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत तेथे थांबत. जहाजे सुटत साधारण नोव्हेंबर ते मार्च एवढ्याच काळात. ज्याची मुदत वसंतात संपली, त्याच्या वाट्याला उन्हाळा आणि अख्खा पावसाळा येई. काम नाही, घर दूर, दारू जवळ. फ्रँक रिचर्ड्स या माजी शिपायाने ‘ओल्ड सोल्जर साहिब’ (१९३६) या आठवणींत अशा रिकामपणाने बिघडलेल्या सोबत्यांविषयी लिहिले आहे.

मूळ प्रयोग ‘डूलॅली टॅप’ असा जोडीने होई. फ्रेझर आणि गिबन्स यांच्या सैनिकी शब्दांच्या कोशात (१९२५) तो नोंदला आहे. यातला ‘टॅप’ म्हणजे इंग्रजी नळ नव्हे की टकटक नव्हे. तो आपला ताप. इंग्रजांना त्याचा अर्थ कळेना, तसा तो गळून पडला आणि गावाचे नाव एकटेच वेडाचे विशेषण होऊन बसले. काही जण हा ताप हिवतापाचा मानतात. पण छावणीतल्या खोळंब्याचे वर्णन वाचले, तर मराठीतला ‘डोक्याला ताप’च अधिक जवळचा वाटतो. गंमत अशी, की देवळाली ओळखली जाते ती चांगल्या हवेसाठी. प्रकृती सुधारायला लोक तेथील आरोग्यधामांत जाऊन राहत.

‘इट एन्ट हाफ हॉट मम’ या बीबीसीच्या विनोदी मालिकेची (१९७४–८१) सुरुवात देवळालीच्याच छावणीत होते.

मुंबईहून देवळालीची गाडी कल्याणला डावीकडे वळून कसाऱ्याचा घाट चढते. उजवीकडचा फाटा उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरकडे जातो. त्या वाटेवरही दुसऱ्या महायुद्धात लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर तिच्या बराकींत सिंधी निर्वासित आले आणि १९४९ साली तिचे उल्हासनगर झाले. पत्ता सांगताना तेथे आजही ‘कॅम्प नंबर चार’, ‘कॅम्प नंबर पाच’ असेच म्हणतात. या छावणीनेही एक विशेषण दिले : हुबेहूब नकली मालाला ‘यूएसए’चा म्हणायचे, म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशनचा. ते मात्र अजून कोणत्या कोशात गेलेले नाही.