ट्यूना : शरीरमापनाचा इतिहास

ट्यूना हे बांगड्याच्या कुलातील (स्काँब्रिडी) वेगवान सागरी मासे होत. कोकण किनाऱ्यावर कुपा, गेदर या नावांनी ओळखले जाणारे मासे याच गटातील आहेत. त्यांची लांबी, वजन व पुष्टता (शरीरात साठलेल्या मेदाचे व मांसाचे प्रमाण) यांवरून माशांच्या साठ्याची वाढ, वयोरचना आणि त्याला मिळणारे अन्न यांचा अंदाज बांधतात. अटलांटिक महासागर व भूमध्य समुद्र यांत आढळणाऱ्या ब्ल्यूफिन ट्यूनाच्या (थनस थायनस) बाबतीत हा इतिहास विशेष उद्बोधक आहे.

ॲरिस्टॉटल यांनी इ. स. पू. चौथ्या शतकात १५ टॅलेंट वजनाच्या एका ट्यूनाचा उल्लेख केला असून, कोळ्यांच्या अनुभवाच्या आधारे या माशाचे आयुष्य दोन वर्षे मानले आहे. स्पेनच्या किनाऱ्यावरील ‘अल्माद्राबा’ या स्थिर जाळ्यांवर काम करणारे कोळी अंडी घालण्यासाठी भूमध्य समुद्रात शिरणारे पुष्ट मासे आणि अंडी घालून परतणारे कृश मासे यांना निरनिराळ्या नावांनी ओळखतात. पुष्टता ऋतुमानानुसार बदलते, हे ज्ञान अशा रीतीने व्यवसायातूनच आले.

विसाव्या शतकात या ज्ञानाला संख्यात्मक रूप मिळाले. स्कॉटलंडमधील टॉमस वीम्स फुल्टन यांच्या १९०४ मधील संशोधनावरून स्थिती गुणांक प्रचारात आला. ग्रॅममधील वजनाला १०० ने गुणून सेंमी. मधील लांबीच्या घनाने भागले असता तो मिळतो. उदा., २०० सेंमी. लांबीच्या माशाचे वजन १६० किग्रॅ. असल्यास गुणांक २·० येतो; तेच १२८ किग्रॅ. असल्यास १·६ येतो. शरीराचा आकार वाढीबरोबर बदलत असल्याने लहान व मोठ्या माशांची या गुणांकाने तुलना करणे सदोष ठरते. म्हणून ई. डी. ल क्रेन यांनी १९५१ मध्ये प्रत्यक्ष वजनाची त्या लांबीला अपेक्षित असलेल्या वजनाशी तुलना करणारा सापेक्ष गुणांक सुचविला. दरम्यान इटालियन प्राणिशास्त्रज्ञ मास्सीमो सेल्ला यांनी १९२९ मध्ये ट्यूनाच्या मणक्यांवरील वलयांवरून वयाचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे कर्णाश्मांतील (कानातील चुनखडीयुक्त खड्यांतील) किरणोत्सर्गी कार्बनाच्या परीक्षणाने हे मासे तीस वर्षांहून अधिक जगतात, असे दिसून आले.

मापन एकसारखे नसेल, तर तुलना व्यर्थ ठरते. लांबी सामान्यतः मुस्कटाच्या टोकापासून पुच्छपक्षाच्या (शेपटीच्या पराच्या) मधल्या खाचेपर्यंत घेतात. सरळ मापकाऐवजी शरीराच्या वक्रतेवरून फीत धरल्यास लांबी अधिक भरते. त्याचप्रमाणे कल्ले व आतडी काढलेल्या माशाचे वजन अखंड माशाइतके नसते. अशा नोंदी परस्परांत रूपांतरित करण्यासाठी समीकरणे वापरतात. अटलांटिकमधील ट्यूनांच्या संरक्षणासाठी १९६६ मध्ये आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याद्वारे स्थापन झालेल्या आयोगामार्फत विविध देशांच्या नोंदी एकत्र केल्या जातात. पिंजऱ्यात सोडल्या जाणाऱ्या जिवंत माशांची लांबी आता जोड-कॅमेऱ्यांनीही मोजतात.

केवळ आकारावरून काढलेला निष्कर्ष फसवा ठरू शकतो. नॉर्वेच्या किनाऱ्यावर १९६० नंतर पकड घटत गेली, तरी सापडणारे मासे अधिकाधिक मोठे होत गेले. कारण लहान मासे नव्याने येत नव्हते आणि जुनेच मासे वयाने वाढत होते. याउलट, अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्याजवळील मेनच्या आखातात मासे होते, पण त्यांची पुष्टता उतरली. तेथील मच्छीमारांच्या एका सहकारी संस्थेने १९९१ ते २००४ या काळात विक्रीसाठी केलेल्या प्रतवारीच्या नोंदींत माशांचा मेद व शरीराचा घाट यांची प्रत घसरल्याचे आढळले. त्यांचे मुख्य भक्ष्य असलेला हेरिंग मासा विपुल होता. तथापि मोठे हेरिंग कमी झाले होते. लहान भक्ष्यामागे धावण्यात खर्च होणारी ऊर्जा त्यातून पुरेशी भरून निघत नसावी, असे स्पष्टीकरण २०१५ मध्ये मांडण्यात आले.

लांबीवरून माशाची आजवरची वाढ कळते, तर पुष्टतेवरून नजीकच्या काळात त्याला समुद्रात काय मिळाले ते कळते. त्यामुळे मासेमारीची मर्यादा ठरविताना माशांची संख्या, वय व पुष्टता यांचा एकत्रित विचार आवश्यक ठरतो.