जनावरांचा डॉक्टर व्हायचंय? मग 'नीट' चुकवू नका

रात्री गाय अडली की पहिला फोन जनावरांच्या डॉक्टरला जातो. तो डॉक्टर व्हायचं तर बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. ही पदवी लागते. अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा, त्यात एक वर्ष इंटर्नशिप.

गडबड होते ती प्रवेश परीक्षेत. पशुवैद्यकीयला एमएचटी-सीईटी चालत नाही, 'नीट'च द्यावी लागते. नुसती सीईटी देऊन बसलेल्या पोरांचं इथंच वर्ष वाया जातं. 'नीट'च्या ७२० गुणांपैकी ३६० जीवशास्त्राचे, त्यामुळे अकरावीपासूनच जीवशास्त्र पक्कं हवं. गणित घेतलं नाही तरी चालतं.

निकाल लागला म्हणजे झालं, असंही नाही. राज्यातल्या जागांसाठी नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाकडे वेगळा अर्ज करावा लागतो; एमबीबीएसच्या अर्जात हे येत नाही. १५ टक्के अखिल भारतीय जागांची नोंदणी आणखी वेगळी. नागपूर, मुंबई, परभणी, उदगीर, शिरवळ इथं महाविद्यालयं आहेत.

पशुसंवर्धनाची पदविका स्वस्त आणि लवकर होणारी, पण ती केल्यानं पशुवैद्य होता येत नाही. १९८४ च्या कायद्यानुसार त्यासाठी पदवी आणि पशुवैद्यक परिषदेकडे नोंदणी, दोन्ही लागतात.