इन्सुली

इन्सुली : सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या सावंतवाडी तालुक्यातील एक गाव. सावंतवाडीहून गोव्याकडे निघालेला राष्ट्रीय महामार्ग (क्र. ६६, पूर्वीचा १७) घाट उतरून तेरेखोल नदीच्या खोऱ्यात येतो, तेथे या गावाच्या वाड्या माड-पोफळींत विखुरल्या आहेत. पूर्वीच्या सावंतवाडी संस्थानातील हा मुलूख १९४८ मध्ये संस्थानाच्या विलीनीकरणाने रत्नागिरी जिल्ह्यात आला आणि १ मे १९८१ पासून सिंधुदुर्गात मोडतो.

प्राचीन शिल्पाची अपेक्षा धरून येणाऱ्याची येथे निराशाच व्हावयाची. गावाचे आराध्य दैवत श्रीदेवी माऊली. तिच्या जत्रेस ओटी भरण्यासाठी माहेरवाशिणींची रीघ लागते, रात्री दशावतारी नाटक उभे राहते आणि उजाडता उजाडता दहीकाल्याने त्याची सांगता होते. खामदेव नाका ही महामार्गावरील परिचित खूण होय. गावातील सूतगिरणी केव्हाच बंद पडली. पत्ता सांगताना मात्र तिचे नाव अद्याप घेतले जाते.

परंतु इन्सुलीची खरी ख्याती, तिला ख्याती म्हणणे ग्रामस्थांस रुचो वा न रुचो, तिच्या तपासणी नाक्यामुळे झाली आहे. गोव्यात मद्यावरील कर हलका आणि महाराष्ट्रात जड, या एका तफावतीपायी राज्य उत्पादन शुल्क खात्याचे शिपाई येथे रात्रंदिवस गाड्या अडवितात; ताडपत्रीच्या दोऱ्या सुटतात, वरची पोती हलविली जातात, हौद्याची लांबी आतून आणि बाहेरून ताडून पाहिली जाते, आणि मेळ न बसल्यास पत्र्यामागील चोरकप्प्यातून ‘गोवा बनावटी’च्या खोक्यांची रास बाहेर येते. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त होऊन परकी सत्तेची सरहद्द पुसली गेली, तरी सरकारी महसुलाची सरहद्द उरलीच.

पुरातन अवशेषांसाठी नदी ओलांडून बांद्यास जावे. आदिलशाही अमदानीत आदिलाबाद म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या नदीकाठच्या बंदराचा उल्लेख सोळाव्या शतकाच्या आरंभी पोर्तुगीज लेखक दुआर्ते बार्बोझा याने केला आहे. पुढे संस्थानी अमलात सावंतवाडी आणि कुडाळ यांच्या जोडीने बांदा हे एका विभागाचे ठाणे होते. बांदेश्वराचे देवालय आणि ‘रेडे घुमट’ या नावाने परिचित असलेली मुसलमानी अमदानीतील घुमटाकार वास्तू ही तेथील स्थळे होत. ज्या नदीवर बांद्याचा व्यापार पोसला, तिचे महत्त्व खुष्कीच्या मार्गांपुढे ओसरले, आणि आज तेथील बाजारपेठेची वर्दळ महामार्गावरच अवलंबून आहे.

बांद्यापलीकडे पत्रादेवी येथे गोव्याची हद्द लागते. गोवा मुक्तीसाठी झालेल्या १५ ऑगस्ट १९५५ च्या सत्याग्रहात पोर्तुगीजांच्या गोळीबारात सत्याग्रही कर्नैलसिंग यांनी तेथे देह ठेवला. त्या जागी हुतात्म्यांचे स्मारक आहे. इन्सुलीस कोकण रेल्वेची सावंतवाडी रोड आणि मडुरे ही स्थानके सोयीची आहेत.