तापीकाठची आखाजी

सुरत म्हटली की मराठी मनापुढे १६६४ आणि १६७० या सालांतील शिवाजीमहाराजांच्या स्वाऱ्या उभ्या राहतात. सुरतकर मात्र आपल्या नगरीची ओळख ताटावरून करून देतात. जेवावे सुरतेत आणि मरावे काशीत, अशी गुजरातीत म्हणच आहे. शरद पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, चांदणी पडव्याला, येथील कुटुंबे चांदण्यात बसून तुपाने माखलेली खव्याची घारी खातात.

परंतु याच शहरात वैशाखात आणखी एक सण शिजतो. अक्षय्य तृतीयेला खानदेशात आखाजी म्हणतात. सासुरवाशिणी या दिवशी माहेरी येत, झाडांना झोके बांधले जात आणि शेतावरच्या सालदाराचे वर्षही याच दिवशी पुरे होई. जळगाव-धुळ्याकडची तापी ज्या दिशेने सुरतेकडे वाहते, त्याच दिशेने पुढे माणसेही आली. १९०० साली तापी खोऱ्यातील आगगाडी सुरू झाली. पुढे यंत्रमाग वाढले, तशी उधना-लिंबायत भागांत खानदेशी वस्ती दाट होत गेली.

या माणसांनी गाडीतून जपून आणलेली वस्तू म्हणजे मातीचे खापर. चुलीवर ते पालथे घालावयाचे, खाली लाकडांचा जाळ करावयाचा, आणि पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर झुलवीत परातीएवढा करून त्यावर टाकावयाचा. हाच खानदेशचा मांडा, सोबत आमरस. भाड्याच्या दोन खोल्यांत चूल मांडावी कोठे? आमच्या आईने काही वर्षे गच्चीवर तीन विटा लावून मांडे केले. एका वर्षी खापर फुटले, तेव्हा तिने लोखंडी कढई पालथी घातली. मांडे झाले, पण पहिला घास घेताच वडील म्हणाले, “मातीचा वास नाही.” त्यावर कोणी बोलले नाही.

तथापि आखाजीचा खरा पाहुणा जेवणाऱ्यांत दिसत नाही. पाण्याने भरलेली नवी घागर पितरांच्या नावाने पुजतात. दुपारी निखाऱ्यावर तूप आणि घास टाकून आगारी देतात व गेलेल्यांची नावे घेतात. आमच्या पणजोबांचे छायाचित्र नाही, गावातले घरही उरले नाही. त्यांचे नाव मी प्रथम ऐकले ते त्या निखाऱ्यापाशी, सुरतेच्या गच्चीवर.

आता मांडे विकतही मिळतात, आणि त्यात वाईट काही नाही. मात्र ते पानात वाढण्यापूर्वी, श्रोतेहो, मुलांना जवळ बसवून ती नावे एकदा मोठ्याने घ्यावीत.