हिरवळीसाठी लहान ट्रॅक्टरने जमिनीची मशागत

बंगल्याचे आवार, शाळेचे पटांगण, उद्यान किंवा क्रीडांगण येथे नवी हिरवळ, म्हणजेच व्यवहारातील लॉन, लावण्यापूर्वी जमीन फोडणे, तणमुक्त करणे, तिला उतार देणे, ती सपाट करणे आणि हलकेच दाबून बसवणे ही कामे लहान ट्रॅक्टरच्या साहाय्याने केली जातात. शेतातील मशागत दरवर्षी नव्याने होते व एका हंगामातील चूक पुढच्या नांगरटीत सुधारता येते. हिरवळीखालची जमीन मात्र गवताने एकदा मूळ धरले की अनेक वर्षे उकरली जात नाही. त्यामुळे लागवडीपूर्वीच्या मशागतीला येथे शेतीपेक्षाही अधिक महत्त्व आहे. या लेखात मुख्यतः महाराष्ट्राच्या पठारी भागातील परिस्थिती विचारात घेतली आहे.

यंत्र व अवजारे

या कामासाठी साधारणपणे १५ ते ३० अश्वशक्तीचा ट्रॅक्टर पुरतो. महाराष्ट्रात द्राक्ष, डाळिंब व ऊस यांच्या ओळींमधून चालवण्यासाठी घेतलेले असे ट्रॅक्टर अनेक गावांत भाड्याने मिळतात. अरुंद फाटकातून आत जाणे आणि थोड्या जागेत वळणे हा त्यांचा मुख्य गुण होय.

अवजार ट्रॅक्टरच्या मागे तीन ठिकाणी जोडले जाते व चालकाला बसल्या जागेवरून उचलता येते. हॅरी फर्ग्युसन यांनी विकसित केलेली ही रचना १९३९ मधील फोर्ड ९एन या ट्रॅक्टरमुळे सर्वत्र पोहोचली. फिरत्या पात्यांनी माती खणणारे रोटाव्हेटर हे अवजार ऑस्ट्रेलियातील आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड यांच्या प्रयोगांतून पुढे आले. ते प्रयोग त्यांनी १९१२ मध्ये न्यू साउथ वेल्समधील गिलगंड्रा येथे सुरू केले होते. ‘रोटाव्हेटर’ हे नाव रोमन लिपीत उलट वाचले तरी तेच राहते, ही त्याची एक गंमत.

रोटाव्हेटरला शक्ती मिळते ती ट्रॅक्टरच्या मागील फिरत्या दांड्यातून, ज्याला पीटीओ म्हणतात. त्याची प्रमाणित गती मिनिटाला ५४० फेरे आहे. ही गती ठरलेली असल्याने माती किती बारीक होणार हे ट्रॅक्टर किती वेगाने पुढे सरकतो यावर अवलंबून राहते. गिअर जितका हलका आणि चाल जितकी मंद, तितकी पाती त्याच मातीला अधिक वेळा कापतात. मागचा पत्रा खाली सोडल्यास ढेकळे त्यावर आपटून आणखी फुटतात. अवजाराची रुंदी चाकांच्या बाहेरील कडांएवढी असणे इष्ट आहे, अन्यथा चाकांनी दाबलेले पट्टे तसेच राहतात आणि पुढे त्या पट्ट्यांवरील गवत खुरटते.

जमीन व वाफसा

काळी माती ओली झाली की फुगते, सुकली की आकसून भेगाळते. ती ओली असताना रोटाव्हेटर चालवल्यास पाती तळाची माती लिंपल्यासारखी घासतात. वरून जमीन भुसभुशीत दिसते, परंतु १२-१५ सेंमी खाली चकचकीत घट्ट थर तयार होतो. पावसाचे पाणी त्यावर थांबते आणि गवताची मुळे तेथेच अडतात. उलट, माती कोरडी ठणठणीत असताना वारंवार फिरवलेल्या रोटाव्हेटरने तिचे पीठ होते. पहिल्या जोरदार सरीने या पिठाची पापडी धरते व कोवळे कोंब तिच्याखाली गुदमरतात.

म्हणून या कामात मोजायची पहिली गोष्ट वाफसा ही होय. १० सेंमी खालची माती मुठीत दाबावी. तिचा गोळा व्हावा, पण कमरेइतक्या उंचीवरून सोडल्यावर तो फुटावा. गोळा फुटला नाही तर थांबावे, गोळाच झाला नाही तर हलके पाणी देऊन एक-दोन दिवसांनी पुन्हा पाहावे. भाड्याचा ट्रॅक्टर दारात उभा असताना थांबणे मालकाला जड जाते, आणि बहुतेक हिरवळी बिघडतात त्या याच घाईत.

नव्या इमारतींच्या आवारात अडचण वेगळी असते. तेथे मातीऐवजी मुरूम, विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे आणि गंजके खिळे असा राडारोडा पसरलेला असतो. यंत्र आत आणण्यापूर्वी तो हाताने वेचावा लागतो, कारण दगड पात्यात अडकला की पाते वाकते, आणि उडाला तर काच किंवा डोळा फोडतो. पाण्याच्या व विजेच्या पुरलेल्या वाहिन्यांच्या जागा आधीच चुन्याने आखून ठेवाव्यात. कोकणातील जांभ्या जमिनीत निचरा चांगला असतो, पण मातीचा थर उथळ असल्याने बहुधा बाहेरून माती आणावी लागते.

लव्हाळा आणि हरळी

लव्हाळ्याच्या गाठी जमिनीत साखळीसारख्या जोडलेल्या असतात. साखळी अखंड असताना त्यांतील अनेक गाठी निद्रिस्त राहतात. ती तुटली की प्रत्येक गाठ स्वतंत्रपणे फुटते. लव्हाळ्याच्या जमिनीत एकदाच रोटाव्हेटर फिरवून लगेच गवत लावणे म्हणजे तणाची लागवड करणेच होय. हरळीच्या काशांचेही तसेच आहे. प्रत्येक पेर रुजते. गणपतीला वाहिली जाणारी दूर्वा म्हणजे हीच हरळी, आणि अनेक हिरवळींचे गवतही तिच्याच जातीचे. मात्र विकत आणलेल्या नाजूक पानांच्या वाणात गावठी हरळी घुसली की ती तण ठरते.

यावर पठारावरचा जुना उपाय आजही उपयोगी आहे. मार्च-एप्रिलमध्ये फाळाच्या नांगराने किंवा कल्टिव्हेटरने जमीन उलथून उन्हात तापू द्यावी आणि वर आलेल्या गाठी व काशा दाताळ्याने वेचून काढाव्यात. त्यानंतर पाणी देऊन उरलेले तण उगवू द्यावे आणि ते लहान असतानाच उथळ पाळी मारावी. हा क्रम दोनदा केला तर महिना-दीड महिना जातो, पण पुढची अनेक वर्षांची खुरपणी कमी होते.

कामाचा क्रम

पहिली पाळी ५ ते ८ सेंमी खोलीची ठेवतात. तिच्यावर चांगले कुजलेले शेणखत पसरून दुसरी पाळी आडवी, १२ ते १५ सेंमी खोल घेतात. १०० चौरस मीटर जागेवर ५ सेंमी जाडीचा थर द्यायचा तर ५ घनमीटर खत लागते. हा हिशेब न केल्याने खत निम्म्या जागेतच संपते. सुपारीएवढी ढेकळे शिल्लक असतानाच यंत्र थांबवावे. वळताना अवजार प्रथम उचलावे, कारण जमिनीत रुतलेल्या पात्यांसह वळल्यास पाती आणि सांधे दोन्ही मोडतात. भिंतीलगतचा हातभर पट्टा कुदळीने खणणे हेच शहाणपणाचे.

यानंतर मागे जोडलेल्या फळीने सपाटी केली जाते. इमारतीपासून दूर १०० मीटरला १ ते २ मीटर असा उतार पुरेसा असतो; तो डोळ्यांनी न ठरवता गवंड्याच्या पाण्याच्या नळीने पाहावा. मग पाणी देऊन जमीन आठवडाभर बसू द्यावी, खड्डे भरावेत आणि हलका रोलर फिरवावा. चालताना पावलाचा ठसा १ सेंमीहून खोल उमटत नसेल तर जमीन तयार झाली. गवत टोकणे, चौकोनी तुकडे अंथरणे किंवा चिरलेले गवत शेणमातीत कालवून लेप देणे, यांपैकी कोणतीही पद्धत पावसाळ्याच्या आरंभी यशस्वी होते. तयार जमिनीवर ट्रॅक्टर पुन्हा नेऊ नये.

सुरक्षितता

आवार लहान असल्याने हे काम निरुपद्रवी वाटते. प्रत्यक्षात ट्रॅक्टर उलटणे आणि फिरत्या दांड्यात कपडा अडकणे हे दोन्ही अपघात येथेही होतात. १५-२० अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरचे वजन बहुधा एक टनाहून कमी असते व चाकांमधील अंतरही थोडे असते. त्यामुळे तो बांधावर किंवा भरावाच्या कडेला आडवा चालवल्यास कलंडतो. उतारावर शक्यतो सरळ वर-खाली चालवावा. झाडाचा बुंधा ओढायचा असेल तर साखळी फक्त खालच्या ओढदांड्यालाच लावावी. वरच्या जोडाला किंवा आसाला लावल्यास पुढची चाके उचलली जाऊन ट्रॅक्टर दोन सेकंदांच्या आत चालकावर उलटू शकतो. चालकाच्या मागील संरक्षक चौकट उभी असेल तर पट्टा बांधावा. दुमडलेली असेल तर बांधू नये, कारण मग उडी मारण्याची शेवटची संधीही राहत नाही. स्वीडनने नव्या ट्रॅक्टरांना ही चौकट १९५९ मध्ये सक्तीची केली आणि उलटून होणारे मृत्यू पुढे मोठ्या प्रमाणात घटले.

मिनिटाला ५४० फेरे म्हणजे सेकंदाला ९. साडीचा पदर, उपरणे किंवा सैल बाही गुंडाळली गेली तर हात मागे घेण्याइतका वेळ मिळत नाही. दांड्यावरील प्लॅस्टिकचे आवरण तुटले की काढून टाकण्याची प्रथा सर्वत्र दिसते. ती घातक आहे. पात्यात अडकलेला दगड किंवा दोरी काढण्यापूर्वी पीटीओ बंद करून इंजिन थांबवावे, किल्ली खिशात ठेवावी आणि अवजार जमिनीवर टेकवावे. मडगार्डवर मुलाला बसवून फेरी मारू नये. रोटाव्हेटर चालू असताना आवारात चालकाशिवाय कोणीही, माती वेचणारे मजूरसुद्धा, असू नये.